गंगथडीचे घोडे आणि घोड्यांचे ग्रंथ

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे गाव धुळे–सोलापूर महामार्गावर, गोदावरीच्या उत्तरेस वसलेले आहे. तेथून दक्षिणेकडे काही अंतरावर शहागड लागते आणि शहागडचा पूल ओलांडला की बीड जिल्हा सुरू होतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या पट्ट्यातून जातो, त्यामुळे आज येथे ऊस, मोसंबी आणि कापूस दिसतो. परंतु कालव्यापूर्वीच्या काळात नदीकाठची कुरणे, रब्बी ज्वारीचा कडबा आणि हरभरा ही या भागाची मोठी संपत्ती होती, आणि या तिन्हींचा सर्वांत कृतज्ञ ग्राहक घोडा होता. मराठवाड्यात गोदावरीला गंगा म्हणतात व तिच्या दोन्ही काठांच्या प्रदेशाला गंगथडी म्हणतात. भीमेच्या काठची भीमथडी, नीरेच्या काठची नीरथडी आणि माणदेश यांच्याप्रमाणेच गंगथडी हे नावही मराठ्यांच्या घोडदळाच्या काळात प्रदेशाबरोबर तेथे पैदा होणाऱ्या घोड्यांनाही लावले जात असे.

हा दख्खनी घोडा दिसायला भव्य नव्हता. त्याची उंची साधारणपणे १३ हातांच्या आसपास भरे. येथे हात म्हणजे चार इंचांचे माप असून ते जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात. स्थानिक घोड्या आणि समुद्रमार्गे आलेले अरबी किंवा उत्तरेकडून आलेले तुर्की वळू यांच्या दीर्घकाळच्या संकरातून तो घडला होता, आणि कठीण खूर, थोड्या वैरणीवर तग धरण्याची क्षमता व लांब पल्ल्याची चिकाटी हे त्याचे मोलाचे गुण होते. वाळल्या कडब्यावर दिवस काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच मजल मारणाऱ्या या जनावराच्या बळावरच मराठी फौजांच्या वेगवान हालचाली शक्य झाल्या. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांची फौज जालन्यापर्यंत आली, १७२७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाच्या मुलखात जालना आणि सिंदखेड या भागांत धडक मारली, आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी वडीगोद्रीपासून फार दूर नसलेल्या, नदीच्या दक्षिण तीरावरील राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्याने निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईत भरून वाहणाऱ्या गोदावरीने निजामाच्या सैन्याचे दोन भाग केले होते. निजामअली उत्तर तीरावर गेला होता, दिवाण विठ्ठल सुंदर मागे दक्षिण तीरावर राहिला होता आणि तेथेच तो मारला गेला. पावसाळ्यातली नदी, चिखल आणि थकलेली घोडी यांचा हिशेब ज्याला नीट करता आला त्याच्या पदरी यश आले.

असे असूनही गंगथडीच्या घोड्यावर गंगथडीतल्या कोणी लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध नाही, आणि ज्यांनी हे घोडे वाढवले, खरारा करून त्यांच्या अंगावरची धूळ झाडली, त्यांच्या खुरांना नाल ठोकले, त्या माणसांची नावेही इतिहासात फारशी उरलेली नाहीत. घोड्यांविषयीची पुस्तके मात्र भारतात आणि जगात विपुल आहेत. ती वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते: घोडा आणि माणूस यांच्यातील जिव्हाळा या ग्रंथांत क्वचितच उघड शब्दांत येतो, तो दाण्याच्या मापात, औषधाच्या पाठात, नालबंदाच्या नेमणुकीत आणि म्हाताऱ्या घोड्याला द्यायच्या शिध्यात दडलेला असतो.

भारतीय अश्वग्रंथांचे मूळ शालिहोत्र या ऋषीशी जोडले जाते. त्याच्या नावावर घोड्याची लक्षणे, संगोपन आणि चिकित्सा यांचे शास्त्र रूढ झाले, आणि पुढे जनावरांच्या वैद्याला सलोत्री म्हणण्याची पद्धत पडली ती त्यावरूनच. या परंपरेत सांगितली जाणारी एक कथा विशेष लक्ष देण्यासारखी आहे. प्राचीन काळी घोड्यांना पंख होते आणि ते आकाशात स्वच्छंद फिरत असत. इंद्राला ते वाहन म्हणून हवे होते, म्हणून त्याच्या विनंतीवरून शालिहोत्राने इषीका नावाच्या अस्त्राने त्यांचे पंख छेदले. रक्तबंबाळ झालेले घोडे ऋषीकडे आले आणि आपला अपराध काय, असे त्यांनी विचारले. तेव्हा शालिहोत्राला त्यांची दया आली, आणि ज्यांचे स्वातंत्र्य आपण घेतले त्यांचे आरोग्य राखण्याची जबाबदारीही आपलीच, या भावनेतून त्याने अश्वशास्त्र रचले, असे ही कथा सांगते. विद्वानांनी या कथेकडे बहुधा पुराणातील एक चमत्कार म्हणून पाहिले, परंतु तिच्यातील नीती फार खोल आहे. अश्ववैद्यकाचा उगम येथे राजाच्या गरजेतून झालेला दाखवलेला नाही. तो घोड्याने केलेल्या तक्रारीतून झालेला दाखवला आहे.

या परंपरेतील जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाच्या नावावरील ‘अश्वचिकित्सित’ हे दोन ग्रंथ १८८७ मध्ये कलकत्त्याच्या ‘बिब्लिओथेका इंडिका’ या मालेत उमेशचंद्र गुप्त यांनी संपादित करून छापले. नकुल म्हणजे महाभारतातील चौथा पांडव, जो विराटाच्या घरी अज्ञातवासात अश्वपाल बनून राहिला. त्याच्या नावावर अश्वग्रंथ खपावा हे स्वाभाविकच होते. त्याच्याही आधीच्या कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्ष या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. प्रत्येक घोड्याचे कुळ, वय, रंग, खुणा, प्रत आणि तो कोठून आला याची नोंद ठेवावी, असे ते सांगते; कांबोज, सिंधू, आरट्ट व वनायू या प्रदेशांतील घोडे उत्तम मानते; आणि मग रुक्ष वाटणाऱ्या या नियमांमध्येच, व्यालेल्या घोडीला तीन दिवस एक प्रस्थ तूप पाजावे, असा नियम येतो. प्रस्थ हे त्या काळचे मोजण्याचे माप होते. पुढे युद्धाने, रोगाने किंवा म्हातारपणाने निकामी झालेल्या घोड्यांनाही जगण्यापुरता आहार मिळत राहावा, अशी तरतूद आहे. हिशेबाच्या ग्रंथात, ज्या जनावरापासून आता काहीच मिळकत नाही त्याच्या पोटाची सोय लिहून ठेवणे ही साधी गोष्ट नाही.

मराठवाड्याच्या शेजारच्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या विश्वकोशवजा ग्रंथात घोड्यांना मोठी जागा दिली आहे. निरनिराळ्या देशांतील घोड्यांच्या जाती, त्यांचे रंग, त्यांना चाली शिकवण्याची रीत आणि घोड्यांवर बसून दोन तुकड्यांनी चेंडू टोलवण्याचा खेळ यांचे वर्णन त्यात आहे. दख्खनच्या दरबारात त्या काळी घोडा हे रणांगणाबरोबरच शोभेचे आणि क्रीडेचेही साधन होते. मात्र हे उत्तम घोडे बहुतांशी परदेशातून येत असत आणि त्या व्यापाराची एक काळी बाजू होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस भारताच्या किनाऱ्यावरून गेलेला व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो लिहितो की ठाण्याच्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता. लुटीतील इतर माल त्यांनी ठेवावा आणि घोडे तेवढे राजाला द्यावेत. दक्षिणेत दरवर्षी हजारो घोडे उतरत, परंतु त्यांची निगा राखणारी आणि नालबंदी जाणणारी माणसे नसल्याने त्यांतील बरेचसे मरत, असेही त्याने नोंदवले आहे. घोड्याची किंमत मोजणाऱ्यांची संख्या मोठी होती. त्याला जगवण्याची विद्या अंगी असलेले लोक फार थोडे होते.

ही विद्या भाषांच्या सीमा ओलांडत राहिली. बहामनी काळात दख्खनमध्येच शालिहोत्राचे फारसीत रूपांतर झाले, आणि शहाजहानच्या कारकिर्दीत अब्दुल्लाखान फिरोजजंग या सरदाराच्या नावाने आणखी एक फारसी भाषांतर सिद्ध झाले, ज्यावरून १७८८ मध्ये जोसेफ अर्ल्स याने कलकत्त्यात इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. या अब्दुल्लाखानाचा गंगथडीच्या प्रदेशाशी आलेला संबंध उद्बोधक आहे. जहांगीरच्या काळात, १६१२ मध्ये, तो मोठी फौज घेऊन गुजरातेतून नाशिकमार्गे दौलताबादकडे निघाला होता. वऱ्हाडाकडून येणाऱ्या दुसऱ्या फौजेची वाट न पाहता तो पुढे घुसला, आणि मलिक अंबरच्या हलक्या घोडदळाने, ज्यात मराठे स्वारांचा मोठा भरणा होता, त्याची रसद तोडून व पिछाडीवर सतत छापे घालून त्याला माघार घ्यायला लावली. ज्या माणसाच्या नावाने घोड्यांचा एक महत्त्वाचा ग्रंथ पुढे आला, त्याला दख्खनी तट्टांनी आपली खरी ताकद रणांगणावर दाखवली होती. ग्रंथांतील उत्तम घोड्याच्या लक्षणांत ही तट्टे बसत नव्हती. उंच मान, रुंद छाती आणि तुकतुकीत कांती यांच्या वर्णनात अर्ध्या पोटी चाळीस मैल जाणाऱ्या घोड्याला स्थान नव्हते.

मराठी भाषेत अश्वजीवनाचे सर्वांत जिवंत चित्र अश्वशास्त्राच्या पोथ्यांपेक्षा बखरी आणि पत्रांत सापडते. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजीच्या मुक्कामात राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. ज्यांना घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे ते बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारे ते शिलेदार. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ही उतरंड होती. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत एवढेच उतरते. पण त्याच मजकुरात, प्रत्येक २५ घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पखालीने पाणी पुरवणारा, आणि एक नालबंद असावा, असेही सांगितले आहे, आणि या विषयासाठी हाच तपशील मोलाचा आहे. नाल ढिला झालेला घोडा खडकाळ घाटात लंगडतो आणि लंगडा घोडा स्वाराला शत्रूच्या हाती देतो, हे जाणणाऱ्याने ही नेमणूक ठरवली होती. पावसाळ्यात लष्कर आपल्या मुलखात छावणीस परतावे, तोवर घोड्यांसाठी दाणा, रतीब व औषधे तयार असावीत, गवताने शाकारलेली घरे सिद्ध असावीत आणि दसऱ्यानंतर लष्कराने कूच करावे, असा वर्षाचा क्रमही सभासदाने दिला आहे. रतीब म्हणजे ठरलेला रोजचा खुराक, आणि चंदी म्हणजे घोड्याला मिळणारे दाण्याचे माप, ज्यात प्रामुख्याने हरभरा किंवा कुळीथ असे.

शिवकाळातील, चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र रयतेची काळजी म्हणून पुष्कळदा उद्धृत होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ते पत्र घोड्यांचेही आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा व वैरण आताच बेफिकिरीने उधळली तर ऐन पावसात ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि त्यांना तुम्हीच मारले असे होईल, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. गवताच्या गंजीजवळ विस्तव वा उघडे दिवे ठेवू नयेत, एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी वैरण जळेल, इतका बारीक विचार त्यात आहे. या आज्ञेमागील शरीरशास्त्र आज अधिक नेमकेपणाने सांगता येते. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी देता येत नाही. चाऱ्याचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्याच्या अंधांत्र नावाच्या भागात सूक्ष्मजंतूंच्या मदतीने होते. त्यामुळे त्याला दिवसभर थोडीथोडी वैरण लागते, तर उपासानंतर एकाएकी भरपूर दाणा मिळाल्यास पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आतल्या थरांना सूज येऊन तो पांगळा होतो. वैरण राखून वापरण्याची सक्ती ही काटकसरीपेक्षा मोठी गोष्ट होती. तिच्यावर घोड्याचे प्राण अवलंबून होते. १७६१ मध्ये पानिपतावर याच वैरणीच्या तुटवड्याने मराठ्यांची घोडी उभ्या-उभ्या खंगली.

बारगीर आणि शिलेदार यांच्यातील फरकामुळे घोड्याशी असलेल्या नात्याचे दोन प्रकार घडले. बारगिराचा घोडा मेला तर तो पागेचा तोटा होता आणि त्याला दुसरा घोडा मिळू शकत होता. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची उपजीविकाच संपत असे. म्हणून शिलेदार लढाईत घोडा धोक्यात घालायला कचरतात, असा आक्षेप अठराव्या शतकातील युरोपीय निरीक्षकांनी घेतला. तो आक्षेप लष्करी दृष्टीने रास्त असेल, परंतु ज्या घरात घोडीच्या शिंगरावर पुढच्या वर्षाची चाकरी अवलंबून होती, त्या घराच्या बाजूने पाहिले तर शिलेदाराचे ते कचरणे समजून घेण्यासारखे आहे. घोडी विण्यास साधारण अकरा महिने लागतात, शिंगरू चार-पाच वर्षांचे होईपर्यंत पुरत्या कामाचे नसते, आणि एवढ्या काळात त्या घरातील मुले त्याच्याबरोबर वाढलेली असतात.

अश्वविद्येचे ग्रंथ जपण्याचे काम दूर तमिळ देशातील मराठी दरबाराने चांगले केले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात प्राण्यांविषयीच्या अनेक हस्तलिखितांना जागा मिळाली. त्या संग्रहाला दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) काळात मोठे वैभव आले, आणि १९५२ मध्ये नकुलाच्या नावावरील अश्वशास्त्राची सचित्र आवृत्ती या ग्रंथालयाने छापली. अशा पोथ्यांत दोन विषय हमखास येतात, घोड्याचे वय ओळखण्याची रीत आणि शुभाशुभ लक्षणे, आणि या दोहोंचे मोल अगदी वेगवेगळे आहे.

वय दातांवरून ओळखतात. जुने ग्रंथ दातांवरील खुणेचा रंग काळा, मग पिवळसर, मग पांढरा, मग काचेसारखा असा दर तीन वर्षांनी पालटतो, आणि शेवटी दात हलू लागून गळतात, असा क्रम देतात. आधुनिक पशुवैद्यकही याच पायावर उभे आहे: दुधाचे पुढचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडी-जोडीने पडून कायमचे येतात, पाचव्या वर्षी तोंड पुरे होते, आणि खालच्या दातांच्या माथ्यावरील खळगे सहाव्या ते आठव्या वर्षांदरम्यान झिजून सपाट होतात. बाजारात घोड्याचा ओठ वर करून पाहणारा अनुभवी माणूस हेच वाचत असतो, आणि शतकानुशतकांच्या निरीक्षणाने घडलेले हे ज्ञान अत्यंत आदरणीय आहे.

शुभाशुभ लक्षणांचे तसे नाही. अंगावरचे केस जेथे चक्राकार फिरतात त्याला भोवरा म्हणतात, आणि भोवरा कोठे आहे त्यावरून घोडा धन्याला तारतो की मारतो हे ठरवण्याचे विस्तृत शास्त्र पोथ्यांत आहे. गळ्यावरचा देवमण उत्तम, चारही पाय व तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी शुभ, तर काही जागांचे भोवरे इतके अशुभ की असा घोडा दारात बांधूही नये, असे मानले जाते. वस्तुतः भोवरा म्हणजे गर्भावस्थेत केसांची मुळे ज्या दिशेने कलली त्याची खूण होय. धन्याच्या नशिबाशी त्याचा काही संबंध नाही. तरीही आजदेखील बाजारात निकोप पायांचे, शांत स्वभावाचे जनावर केवळ एका भोवऱ्यापायी निम्म्या किमतीत जाते आणि दुखऱ्या टाचेचा पंचकल्याणी भाव खातो. शालिहोत्राच्या नावाने चालणाऱ्या परंपरेत चिकित्सेचा भाग मागे पडून भोवऱ्यांचा भाग लोकांच्या ध्यानात राहावा, हे त्या परंपरेचे दुर्दैव आहे.

ग्रीसमध्ये झेनोफोन या सेनानीने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहिलेले छोटे पुस्तक याबाबतीत अजून ताजे वाटते, कारण त्यात लक्षणांपेक्षा वागणुकीवर भर आहे. घोडा विकत घेताना आधी खूर पाहावेत, रागाच्या भरात घोड्याशी कधीही व्यवहार करू नये, आणि जबरदस्तीने करून घेतलेल्या हालचालीत ना समज असते ना सौंदर्य, असे त्याचे सांगणे आहे. त्यानंतर सुमारे सव्वादोन हजार वर्षांनी, १८७७ मध्ये, इंग्लंडमधील अॅना स्युएल या अपंग लेखिकेने ‘ब्लॅक ब्युटी’ लिहिले. लहानपणीच्या दुखापतीमुळे तिला नीट चालता येत नसे आणि घोडागाडीवर तिचे सारे फिरणे अवलंबून होते. तिची कादंबरी घोडाच आपल्या तोंडून सांगतो. मालक बदलत जातात आणि त्यांच्याबरोबर त्याचे नशीबही. ऐटीसाठी घोड्याची मान बळेच उंच धरून ठेवणाऱ्या आखूड लगामाविरुद्ध या पुस्तकाने एवढे जनमत तयार केले की ती प्रथा हळूहळू मागे पडली. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच, १८७८ मध्ये, स्युएल वारली. ती मराठी वाचकाला बालसाहित्याची लेखिका म्हणून परिचित आहे, पण तिचे पुस्तक शालिहोत्राच्या कथेजवळ ठेवून वाचले पाहिजे. दोन्हींत घोडा बोलतो, आणि दोन्हींत तो माणसाने केलेल्या इजेबद्दल बोलतो.

घोडा माणसाला किती ओळखतो, या प्रश्नाकडे विज्ञान विसाव्या शतकात वळले ते एका फसलेल्या चमत्कारामुळे. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो अशी ख्याती पसरली होती. ओस्कार फुंग्स्ट याने कसोशीने तपासून १९०७ मध्ये दाखवले की हान्सला गणित येत नव्हते. बरोबर आकडा जवळ आला की प्रश्नकर्त्याच्या नकळत त्याच्या मानेत आणि चेहऱ्यावर जो अतिसूक्ष्म फरक पडे, तो पाहून घोडा थांबत असे. अनेकांनी यातून घोडा मूर्ख ठरला असे मानले. खरे तर माणसाला स्वतःला न कळणारी स्वतःची हालचाल तो वाचत होता, ही बाब कोणत्याही गणितापेक्षा अधिक विस्मयकारक आहे. अलीकडे ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले आहे की घोडे ओळखीच्या माणसाचा आवाज आणि त्याचे रूप यांची सांगड घालतात, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रागीट चेहऱ्याचे छायाचित्र पाहिल्यावर घोडे डाव्या डोळ्याने पाहू लागतात व त्यांच्या हृदयाची गती वाढते, असे आढळले. घोडे एकमेकांना मानेच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्याजवळ दातांनी खाजवतात. माणसाने त्याच जागी हाताने खाजवले तर हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ मध्ये फ्रान्समधील निरीक्षणांनी सिद्ध केले. मराठी पागेतील मोतद्दार, म्हणजे घोड्याची रोजची निगा राखणारा चाकर, सकाळ-संध्याकाळ खरारा करताना हीच जागा सर्वाधिक वेळ घासत असे तर त्यामागे हाताला आलेले हेच ज्ञान असणार.

या मोतद्दारांची नावे मात्र कोठे लिहिली गेली नाहीत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात भोकरदनजवळच्या असई येथे झालेल्या लढाईत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याच्या अंगाखालचा एक घोडा गोळी लागून पडला आणि ‘डायमेड’ नावाच्या त्याच्या अरबी घोड्याला भाल्याची जखम झाली. इंग्रजी चरित्रकारांनी त्या घोड्याचे नाव जपून ठेवले. त्याच रणात शिंदे-भोसल्यांच्या बाजूने हजारो घोडी उभी होती, त्यांतील कितीतरी भीमथडी आणि गंगथडीच्या कुरणांत वाढलेली असणार, आणि त्यांपैकी एकाचेही नाव ठाऊक नाही. हा दोष घोड्यावर प्रेम नसण्याचा नाही. प्रेम लिहून ठेवण्याची सवय आणि सोय नसण्याचा आहे.

घोडदळ संपले तेव्हा या घोड्याला सांभाळले ते मेंढपाळ धनगरांनी. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन चाऱ्याच्या मागे निघणाऱ्या धनगरांच्या वाड्यांत, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांच्या समूहात, सारा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो: पाल, भांडी, धान्य, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी लहान मूलही. येथे घोड्याला ना शोभेचे खोगीर असते ना विशेष चंदी. तो मेंढरांबरोबर चरतो, रात्री पालाजवळ उभा राहतो आणि पहाटे पुन्हा ओझे घेतो. ज्या जनावराला सैन्याने वेगासाठी घडवले त्याला या लोकांनी सोबतीसाठी टिकवले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, त्यामागे बऱ्याच अंशी या भटक्या कुटुंबांनी राखलेली घोडीच आहेत. जातीची नोंद करताना उंची, शरीराची मापे, रंग, डोक्याची ठेवण आणि प्रदेश टिपला जातो. परंतु कोणत्या गवतावर घोडी लवकर माजावर येते, कोणत्या वळणाच्या खुराला नालाशिवाय चालवता येते, वादळी रात्री कळपातली कोणती घोडी सर्वांना शांत ठेवते, हे ज्ञान त्या तक्त्यांत बसत नाही, आणि ते सांगणारी पिढी आता म्हातारी होत आहे.

पैठणहून निघणाऱ्या एकनाथ महाराजांच्या पालखीत आणि आळंदीच्या ज्ञानेश्वर माऊलींच्या सोहळ्यात रिंगणात धावणारा अश्व, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारा माऊलींचा स्वाराविना घोडा, घरोघरच्या देव्हाऱ्यातील खंडोबाचा पितळी घोडेस्वार टाक, ही सर्व घोड्याविषयीच्या श्रद्धेची रूपे होत. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा या श्रद्धेला व्यवहाराशी जोडते. मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणाऱ्या या यात्रेत मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकातून घोडी येतात. खरेदीदार ओठ वर करून दात पाहतात, भोवरे शोधतात, खूर उचलून बघतात, चाल बघण्यासाठी घोडा दुडकीने आणि मग रवाल चालीने पळवून घेतात. दुडकी म्हणजे तिरक्या जोडीतील पाय एकत्र उचलण्याची उसळती चाल, तर रवाल ही एका बाजूचे पाय एकामागून एक टाकण्याची संथ, न हिसकणारी चाल, जिच्यावर स्वार तासन्‌तास न थकता बसू शकतो. पोथीतील लक्षणे, पशुवैद्यकातील दातांचा क्रम आणि पिढीजात अनुभव असे तिन्ही प्रकारचे ज्ञान तेथे एकाच वेळी वापरात असते. गंगथडीच्या घोड्यावर जे पुस्तक अजून लिहिले जायचे आहे त्याची सामग्री या यात्रेत, अंबड-गेवराईच्या शिवारांतून जाणाऱ्या धनगरांच्या वाड्यांत आणि दप्तरखान्यांतील पागांच्या हिशेबांत विखुरलेली आहे. मोडी लिपी वाचू शकणारा अभ्यासक, गावोगाव फिरणारा पशुवैद्य आणि घोडी राखणारा मेंढपाळ यांनी एकत्र बसून ते लिहायला हवे; त्यात प्रत्येक घोडीच्या नावापुढे तिला सांभाळणाऱ्या माणसाचेही नाव असावे, अर्थात त्याची संमती घेऊन.